देवळालीचे कापरेकर मास्तर आणि चार पत्त्यांची जादू

गणपतीच्या दहा दिवसांत इंदूरच्या कोणत्याही मराठी मंडळात मुलांची एक संध्याकाळ ठरलेली असते आणि तिच्यात कोणी ना कोणी पत्त्यांची जादू करून दाखवतोच. त्यातही जास्त करून एकवीस पत्त्यांची. सात-सात पत्त्यांच्या तीन रांगा मांडायच्या, मनात धरलेला पत्ता कोणत्या रांगेत आहे एवढेच विचारायचे, ती रांग मध्ये ठेवून पत्ते गोळा करायचे आणि पुन्हा मांडायचे. असे तीनदा केले की तो पत्ता बरोबर अकरावा येतो. आपल्या आजोबांनी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत केली, वडिलांनी केली, आता नातवंडे करतात. जादू जुनी आहे, सोपी आहे आणि बिनचूक आहे. आमची तिच्याविषयी तक्रार आहे ती वेगळीच. तिच्यात प्रेक्षकाला काही कामच नाही. तो बोट दाखवतो आणि बसतो. त्याने चुकून भलतीच रांग दाखवली तर सगळा खेळ फसतो, आणि खेळ दुसऱ्यांदा केला की पुढच्या रांगेतला एखादा चुणचुणीत मुलगा मोठ्याने अकरापर्यंत मोजू लागतो.

म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही दुसरी एक जादू आणि तिच्यामागचा माणूस, दोन्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. या जादूत पत्ते प्रेक्षक निवडतो, प्रेक्षकच मांडतो, आकडेमोडही तोच करतो. जादू करणारा हात पाठीशी बांधून उभा राहिला तरी चालते. ज्यांनी ती शोधली ते कोणी जादूगार नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत आयुष्यभर मुलांना शिकवणारे ते एक शाळामास्तर होते, कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर ग्रहांचे अंश-कला जोडावे-वजा करावे लागतात, आणि मुलाने ती आकडेमोड वडिलांच्या शेजारी बसून उचलली. ज्योतिष त्याच्याजवळ राहिले नाही, आकडे राहिले. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. तिथे शाळेच्या अभ्यासापेक्षा कोडी सोडवण्यात त्यांचा वेळ अधिक जाई.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. त्याच साली मुंबई-ठाण्याच्या लोहमार्गावर एका स्टेशनात गाडी बदलताना त्यांना एका विशिष्ट घडणीच्या संख्यांची कल्पना सुचली. स्टेशनचे नाव होते डेम्लो. त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचेच नाव देऊन टाकले, डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, हे त्या कुळातले सर्वांना दिसणारे उदाहरण. हे डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. आपल्यापैकी निम्म्या घरांचे कोणीतरी डोंबिवलीला असतेच, पण त्या गावाचे जुने नाव गणिताच्या पुस्तकांत जाऊन बसले आहे हे तिथे राहणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे केलेल्या गणितासाठी ते दिले जाई. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांच्या नावाचे बक्षीस मिळालेला मुलगा पुढे मोठा प्राध्यापक होणार, असे कोणीही धरून चालला असता. कापरेकर १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले, शिक्षण तिथे थांबले आणि ते देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते.

देवळाली कसे गाव आहे हे इंदूरकरांना फार समजावून सांगायला नको. आपल्याला जसे महू, तसे नाशिकला देवळाली. इंग्रजांनी वसवलेली छावणी, रुंद रस्ते, तोफखान्याची माणसे आणि त्यांच्या कडेकडेने राहणारे साधे लोक. आग्रा-मुंबई रस्त्याने इथून निघालो तर सेंधवा, धुळे, मालेगाव मागे टाकून नाशिक येते आणि तिथून देवळाली हाकेच्या अंतरावर. त्या गावात मास्तर सायकलवरून शिकवण्यांना जात, मोकळा वेळ मिळाला की नदीकाठी बसत आणि डोक्यात आकडे फिरवत. जवळ मोठे ग्रंथालय नव्हते, मार्गदर्शक नव्हता. संगणकाचा तर प्रश्नच नव्हता. पाटी, कागद आणि बोटे एवढ्यावर सगळे चालले.

आता जादूकडे येतो.

पत्त्यांच्या जोडातून गुलाम, राणी, राजा आणि जोकर बाजूला काढा. एक्का म्हणजे १ आणि दश्शी म्हणजे शून्य, एवढे प्रेक्षकाला सांगा. त्याने जोड हवा तसा पिसावा आणि कोणतेही चार पत्ते काढावेत. चारही पत्ते एकाच आकड्याचे नसावेत एवढीच अट. समजा ७, २, ९ आणि ४ आले. आता हे चार पत्ते मोठ्याकडून लहानाकडे लावले की ९७४२ ही संख्या झाली, लहानाकडून मोठ्याकडे लावले की २४७९. मोठीतून लहान वजा केली, उरले ७२६३. या चार आकड्यांचे पुन्हा तसेच करायचे. ७६३२ वजा २३६७, उरले ५२६५. पुढे ६५५२ वजा २५५६, उरले ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, उरले ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, उरले ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७, उरले ६१७४. इथे गाडी थांबते. ६१७४ चे तेच केले तर पुन्हा ६१७४ च येतात, कारण तेच चार आकडे ७६४१ आणि १४६७ असे मांडले जातात.

दुसऱ्या प्रेक्षकाने दुसरे चार पत्ते काढले तरी शेवट हाच. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, चारही अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या, तर उरलेल्या ९,९९० संख्यांपैकी प्रत्येक जण जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला पोहोचतो. कोणी एकाच उडीत पोहोचतो. ८, ५, ३, २ हे पत्ते आले तर ८५३२ वजा २३५८ करताच ६१७४ समोर.

असे का होते, हे मुले विचारणारच. पूर्ण उत्तर इथे मावणार नाही, पण त्याची किल्ली सोपी आहे. पहिल्या वजाबाकीचे उत्तर चार आकड्यांवर अवलंबून नसते. ते दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातले अंतर, आणि मधल्या दोन आकड्यांतले अंतर. पहिल्या अंतराची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट, यांची बेरीज म्हणजे उत्तर. वरच्या उदाहरणात ९ आणि २ मधले अंतर ७, तर ७ आणि ४ मधले ३. म्हणून ६,९९३ अधिक २७०, म्हणजे ७,२६३. अशी अंतरांची जोडी ५४ प्रकारेच होऊ शकते. म्हणजे सुरुवातीला ९,९९० वाटा दिसतात, आणि एका वजाबाकीनंतर ५४ च उरतात. राजवाड्याच्या चौकात चहूकडून आलेली गर्दी एका बोळात शिरावी तसे हे आहे. पुढच्या प्रत्येक पावलाला बोळ आणखी अरुंद होतो.

हे चार अंकांनाच साधते असे नाही. तीन पत्त्यांचे केले तर सगळे ४९५ वर येऊन थांबतात. दोन पत्त्यांचे केले तर मात्र थांबत नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे गोल फिरत राहतात. पाच अंकांनाही एक ठिकाण मिळत नाही, तिथेही फेरेच. मास्तरांनी हे सगळे हाताने तपासले होते. चारात काहीतरी वेगळे आहे हे ओळखायला किती वह्या भरल्या असतील याचा अंदाज ज्याला मुलांच्या गृहपाठाच्या वह्या तपासाव्या लागतात तोच करू शकेल.

हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तो छापून आला. जग आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. २०२५ साल लागले तेव्हा हा वर्ग आपल्या सगळ्यांच्या फोनवरून फिरला, मास्तरांचे नाव मात्र त्या निरोपांत फारसे दिसले नाही. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद हे संस्कृत नाव दिले, हर्ष देणारी ती हर्षद.

गणेशोत्सवात सांगावी अशी एक जात आणखी आहे. १५ घ्या, त्यात त्याचेच अंक १ आणि ५ मिळवा, झाले २१. म्हणजे १५ पासून २१ जन्मले. १०१ ला तर दोन जन्मदाते आहेत, ९१ आणि १००. पण २० कोणापासून जन्मते? कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिचे अंक मिळवून पाहा, २० येत नाहीत. ३१ येत नाहीत, ४२ येत नाहीत, ५३ येत नाहीत. या आपल्या आपणच असलेल्या संख्या, म्हणजे स्वयंभू. आपण स्वयंभू गणपती म्हणतो त्याच अर्थाने. या संख्यांना देवळालीचेही नाव लागले आहे.

हे सगळे ऐकून आज आपल्याला कौतुक वाटते. त्या काळच्या गणिती मंडळींना वाटले नाही. कापरेकर परिषदांना आवर्जून जात, आपले काम मांडत, आणि ते पोरखेळ म्हणून बाजूला सारले जाई. नामांकित नियतकालिके असे लेख घेत नसत, म्हणून बऱ्याच पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. मास्तरच्या पगारातून.

या मंडळींना सरसकट दोष देणे आम्हाला बरोबर वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की अंकांच्या मांडणीवर उभी असलेली गंमत ही संख्येची नसते, लिहिण्याच्या पद्धतीची असते. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ आहे, बाराच्या पटीत मोजत असतो तर ही जादू अशी राहिली नसती. रामानुजनांना ओळखणारे केंब्रिजचे हार्डी यांनीसुद्धा १९४० च्या आपल्या पुस्तकात अशा अंकगमतींची जागा वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदरात आहे असे ठरवून टाकले होते. शास्त्र म्हणून तो मुद्दा खोटा नाही. पण ज्या शाळांत मुले गणिताच्या तासाला पोट दुखते म्हणून घरी जात, तिथे हे मास्तर आले की मुले उठत नसत, याला कोणत्या खात्यात जमा करायचे? शाळा-कॉलेजांतून त्यांना बोलावणी येत आणि ते आनंदाने जात. विद्वानांच्या सभेत ज्या गोष्टीला हसे मिळाले तीच मुलांच्या वर्गात चाले, आणि मास्तरांनी दोन्ही ठिकाणी जाणे सोडले नाही.

१९६२ मध्ये नोकरी संपली. १९६६ मध्ये पत्नी गेली. त्यानंतर निवृत्तिवेतनात भागेना. राहणी अगदी साधी होती, खर्च म्हणावा असा काही नव्हताच, तरी भागेना. साठीनंतर त्यांना पोटासाठी गणित आणि शास्त्राच्या शिकवण्या कराव्या लागल्या. दिवसा शिकवण्या आणि उरलेल्या वेळात संख्या. निवृत्त शिक्षकांची घरे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे यावर अधिक लिहीत नाही.

मग १९७५ साल आले. अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांचे सदर लिहीत. जगभर ते वाचले जाई. मार्चच्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिले, आणि देवळालीचा मास्तर एका महिन्यात जगाला ठाऊक झाला. गार्डनर स्वतः हौशी जादूगार होते. पत्त्यांच्या जादूंमागचे गणित उलगडणारे त्यांचे पुस्तक १९५६ मध्येच निघाले होते. कापरेकरांचे मोल ओळखले ते पत्ते पिसणाऱ्या माणसाने, यात आम्हाला नवल वाटत नाही. प्रेक्षकाच्या हातात काय दिले म्हणजे तो चकित होतो हे जादूगारालाच कळते. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. पुढे अकरा वर्षे जगले आणि १९८६ मध्ये गेले.

आता मुलांच्या संध्याकाळी ही जादू कशी करावी, याविषयी. ६१७४ सगळीकडे दाखवले जाते, पण बहुतेक ठिकाणी एकाच मुलाला फळ्यापाशी बोलावतात आणि बाकी सभागृह जांभया देते. शिवाय कोणाला दोन पावले लागतात, कोणाला सात, त्यामुळे कधी थांबायचे हे सांगताना करणाऱ्याची धांदल उडते आणि प्रेक्षकाला वाटते की हा आपल्या सोयीने थांबवतो आहे. यावर उपाय मास्तरांच्या गणितातच आहे. सगळ्यांना सात वेळा वजाबाकी करायला सांगायची, सप्तपदीसारखी. जो दुसऱ्याच पावलाला ६१७४ ला पोहोचला तो पुढची पाच पावले तिथेच उभा राहील, कारण ६१७४ हलत नाही. कोण केव्हा पोहोचला हे विचारावे लागत नाही आणि सातव्या पावलाला सगळे एकत्र असतात. मात्र आकडा स्थिर झाला तरी ओरडायचे नाही, हे आधी बजावून ठेवावे. मुले ऐकतीलच असे नाही.

सभागृहाचे पाच-सहा गट करावेत आणि प्रत्येक गटाला वेगळा जोड द्यावा. आजी-आजोबांचा एक गट हवाच. तोंडी हिशेबात ते नातवंडांना मागे टाकतात आणि ते पाहणे हाच एक वेगळा कार्यक्रम होतो. प्रत्येक गटात एकाने पत्ते लावावेत, एकाने कागदावर वजाबाकी करावी, बाकीच्यांनी तपासावी. तपासण्याची युक्ती अशी की प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात यायलाच हवी. ७२६३ ची १८, ३९९६ ची २७. आली नाही तर वजाबाकी चुकली. पत्ते १, १, १, २ असे आले तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ उरतात, ते ०९९९ असे चार अंकी लिहायला लावावे आणि शून्यासाठी दश्शी ठेवावी. नेमके इथे लोक अडखळतात, कारण ९९९ दिसले की त्यांना तिन्ही अंक सारखे वाटतात आणि खेळ बिघडला म्हणून ते पत्ते टाकून देतात.

आणि चूक झालीच, कोणाच्या लक्षातही आली नाही, तरी बिघडत नाही. चुकलेले उत्तर ही शेवटी दुसरी एक चार अंकी संख्याच. तिचे चारही अंक सारखे नसतील तर तीही ६१७४ कडेच जाते, फक्त दोन-चार पावले जास्त लागतात. सात झाल्यावर ज्याचा आकडा अजून हलतो आहे त्याला आणखी पुढे जाऊ द्यावे, तो पोहोचतो. एकवीस पत्त्यांच्या जादूला हे कधी जमणार नाही.

६१७४ लिहिलेले पाकीट सुरुवातीलाच सभागृहातल्या कोणा एका काकूंकडे द्यावे, मंचावर ठेवू नये. शेवटी ते त्यांनीच उघडावे. पाकीट उघडण्याआधी सगळ्या गटांनी आपापले शेवटचे चार पत्ते वर धरावेत. ६, १, ७, ४. आणि एखाद्या मुलाने गुपित विचारले तर ते सांगून टाकावे. मास्तरांनी ते लपवले नव्हते, छापून टाकले होते.

पत्ते नसतील तर जन्मवर्ष घेऊनही हा खेळ होतो. मास्तरांचे जन्मवर्ष १९०५. ९५१० वजा ०१५९, उरले ९३५१. मग ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि ६१७४. पूर्ण सात.